पाळीच्या बुडाशी

या लेखात गावाचं नाव नाही. तशी गावातल्या लोकांनीच विनंती केली, आणि त्यांनी मला जे सांभाळून घेतलं त्यापुढे ही फार छोटी गोष्ट आहे. एवढं सांगते की वाशीम जिल्ह्यात, मालेगावहून किन्हीराजाच्या बाजूला निघालं की मोठा रस्ता सोडून आत वळावं लागतं, आणि गावाच्या डोक्यावर एक तलाव आहे. डोक्यावर म्हणजे अक्षरशः डोक्यावर. वस्तीतल्या अंगणात उभं राहिलं की पाणी आपल्यापेक्षा उंच असतं.

मी तिथं फुशारकी मारायला गेले होते. गेल्या वर्षी पाण्यावर काम करणाऱ्या आमच्या गटानं पिवळ्या कागदावर एक पत्रक काढलं. लिहिलं मी. ‘सांडव्यावरून वाहून जाणारा प्रत्येक थेंब ही शेतकऱ्याच्या घरची चोरी आहे’, अशी सुरुवात होती आणि खाली चोरी थांबवायच्या पाच पायऱ्या होत्या. तलाव भरला की जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्या सांडव्यावर मुरमाची पोती रचा, दीड फूट पाणी जास्त उभं राहील, उन्हाळ्यात विहिरी बोलतील, वगैरे. मी समाजकार्य शिकलेय. तोवर मी तलाव पाहिले होते ते काठावर उभं राहून. पण पत्रक कसं लिहायचं ते मला येतं. वाक्यं छोटी ठेवायची आणि शंकेला जागा ठेवायची नाही.

या गावानं ते पत्रक शब्दन् शब्द पाळलं. तिथल्या मंगेशनं पोत्यांचे फोटो पाठवले. या यशावर एक दणदणीत लेख लिहायचा म्हणून मी परतीच्या पावसाच्या दिवसांत कराडहून निघाले. तो लेख मी लिहिला नाही.

शनिवार, मालेगाव

मंगेश स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा, खिशात दोन पेनं, एक चालणारं आणि एक दाखवायचं.

“ताई, फोटोत तुमी उच्च्या दिसता,” हे त्याचं स्वागत.

“फोटोत तुम्ही कमी बोलता.”

तो इतका हसला की बाजूच्या गाडीवाल्यानं विचारलं काय झालं. त्याच गाडीवर त्यानं मला आलूबोंडा खायला घातला. आमच्याकडे वडा कोरडा येतो, चटणी बाजूला. इथं तो ताटलीत कुस्करतात, वर लाल रस्सा ओततात, वर कच्चा कांदा. गाडीवाल्यानं विचारलं, “तिखट लागून राह्यलं का?” मी म्हटलं, थोडं. “मंग अजून टाकतो,” म्हणाला आणि टाकला. डोळ्यांतून पाणी काढत मी खाल्ला. दुसराही खाल्ला.

पुढचा रस्ता सोंगणीचा होता. जिथं पाहावं तिथं सोयाबीनच्या गंज्या, वर निळ्या-काळ्या ताडपत्र्या, ताडपत्र्यांवर दगड. ढग रिठदच्या बाजूनं, पश्चिमेकडून येत होते, आणि मंगेश गाडी चालवता चालवता दर दोन मिनिटांनी मान वर करून बघत होता. तसाच एकदा बघताना गाडी घसरली. दोघं काळ्या मातीत. लागलं काही नाही, पण माझ्या एका चपलेचा पट्टा तुटला आणि ती चप्पल चिखलात रुतून बसली ती निघेचना.

“सोळा ताई, जाऊ द्या तिले,” मंगेश म्हणाला. “काळी माती हाये, एक घेतल्याबिगर सोडत नाही.”

दुसरी चप्पल मी पिशवीत टाकली. पुढचे तीन दिवस मी अनवाणी होते. तेव्हा वैताग आला होता. आता वाटतं, ती चप्पल शाबूत असती तर कदाचित मला काहीच कळलं नसतं.

तलाव संध्याकाळच्या उन्हात पाहिला. काठोकाठ. सांडव्यावर खताच्या पांढऱ्या पोत्यांच्या तीन ओळी, मापात, जणू भिंत. पाणी सगळ्यात वरच्या ओळीला टेकलेलं. मंगेश म्हणाला, “गव्हाले दोन पाणी जास्त भेटते. तुमच्या कागदामुळं.” देवळाच्या सभामंडपात माझं पिवळं पत्रक प्लॅस्टिकमध्ये घालून खिळ्याला टांगलं होतं. मला लाज वाटली नाही. मी त्याच्याबरोबर फोटो काढला.

त्याच्या शेतात रोडगे होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, फोडले की आतून वाफ, त्यावर वरण आणि वांग्याची भाजी. सरपंच होते, दहा-बारा कास्तकार होते. सगळे मला ताई म्हणत होते आणि आग्रह करत होते. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. पाळीखालच्या वस्तीतलं तिथं कुणीच नव्हतं.

मंगेशचं घर सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेलं, म्हणून माझी सोय वस्तीत केली होती, बचतगटाच्या सचिव पंचफुलाबाईंकडे. गाव टेकाडावर आहे, वस्ती खाली. मध्ये तलावाची मातीची भिंत, जिला तिथं सगळे पाळ म्हणतात. पाळीच्या पायथ्याशी वीसेक घरं, एक विहार, एक हातपंप. पंचफुलाबाई चाळिशीच्या, नवरा नाही, दोन एकर वावर, सोबत सासरे. दारात घरकुलासाठी आणलेल्या वाळूचा आणि गिट्टीचा ढीग होता. पायाची आखणी चुन्यानं केलेली.

अंगणात उभं राहून मी वर पाहिलं. गवताचा उतार, वर एक सरळ रेघ, रेघेवर आकाश. त्या रेघेवरून एक बगळा चालत होता. त्याच्या पलीकडे पाणी होतं, या घराच्या पत्र्यांहून उंच. आमच्याकडे कृष्णेचा पूर घाटाच्या पायऱ्या मोजत चढतो. आज इतकी, उद्या इतकी. माणूस गाठोडं बांधू शकतो. इथं पाणी आधीच चढून बसलं होतं.

“भेव वाटते का वं ताई?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

“मले त लगन होऊन आली तवा सालभर वाटे. मंग मामंजी म्हणे, मी चालतो ना रोज, तू झोप.”

रविवार, पाळीवर

मामंजी म्हणजे चंद्रभानकाका. सत्तरीचे, काटक, कानात बाळी. बत्तीस वर्षं या तलावाचे चौकीदार. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. चौकीची किल्ली कुणी परत मागितली नाही. मग ते रोज सकाळी पाळ चालत राहिले.

मी म्हटलं, मी येते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

“चप्पल नाही? बरं झालं.”

“का हो?”

“इथीसा चप्पल घालून चालाचं नसते. डोळ्याच्या आंधी पायाले समजते.”

ते भराभर बाभळीची रोपं उपटत चालले होते. माझ्या तोंडून गेलंच, “काका, झाडं कशाला उपटता? लावायची सोडून?”

“वावरात लाव ना, कोन नाही म्हणते. पाळीवर नाही.” हातातलं मूळ त्यांनी माझ्यासमोर धरलं. “हे अंदर जाते. झाड मरते, मूळ सडते, अन् तिथी नळी राह्यते. पाण्याले तेवढीच पायजे.”

खेकड्यांची बिळं ते टाचेनं दाबत होते, माती ठोकत होते. पुढच्या बाजूचे दगड कुठं सरकलेत ते बोटानं दाखवत होते. वर चालून झालं, मग आम्ही मागच्या उतारानं खाली उतरलो, पाळीच्या बुडाशी. तिथं गवत कमरेइतकं. काका एकदम हळू झाले. एकेक पाऊल टाकायचे, थांबायचे. मीही तसंच करू लागले. जमीन कोमट होती, उन्हानं तापलेली. आणि मग एका पावलाखाली थंड लागलं.

गवत हिरवं, वरून कोरडं. पण तळपायाला थंड, मऊ. मी पाय उचलला तर ठशात पाणी भरलं.

“समजलं?” काका म्हणाले.

त्यांनी खिशातून दारूची रिकामी चपटी काढली. ठशाच्या पुढे हातभर अंतरावर गवतात एक बारीक झरा होता, करंगळीएवढा. तिथं ती धरून भरली. मग मला चौकीत घेऊन गेले. पत्र्याची एक खोली, एक खिडकी. खिडकीत ओळीनं अशाच बाटल्या, दर रविवारी भरलेली एकेक, पट्टी चिकटवून तारीख घातलेली.

“मातीची पाळ हाये, पाणी येतेच,” ते म्हणाले. “माणसाले घाम येते तसं. पाणी आलं त भ्याचं नाही. माती आली त भ्याचं.”

त्यांनी बाटल्या हलवू दिल्या नाहीत. खाली वाकून उजेडाकडे तोंड करून बघायला सांगितलं. जुन्या बाटल्यांचा तळ काचेसारखा. मग एकीत तळाशी दोऱ्याएवढी रेघ. पुढचीत नखाएवढी. त्यापुढचीत त्याहून जाड. आजची अजून निवळायची होती.

मी विचारलं, हे कधीपासून? त्यांनी रेघ सुरू झालेल्या बाटलीवरची तारीख दाखवली. पोती भरली त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्याची.

“पोत्यांमुळं पाणी वाढलं म्हणून?”

“तेबी हाये. पन चाल, दाखवतो.”

झऱ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर रुईची झुडपं होती. झुडपांमागे पाळीचा पायथाच नव्हता. खोदून नेलेला. दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढी खाच, फावड्याचे घाव अजून दिसत होते. वर पाळीचा उतार, खाली पोकळी, आणि खाचेच्या भिंतीला ओल.

“पोत्याईचा मुरूम,” काका म्हणाले. “इथूनच नेला.”

“इथून? पाळ खोदून पाळीवर? कुणी सांगितलं असलं काही करायला?” माझा आवाज चढला. मला खरंच राग आला होता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “तुमच्या कागदावर लिहिलं होतं म्हणे.”

मी सभामंडपात गेले. प्लॅस्टिक पुसलं. पायरी तिसरी. ‘पोत्यांसाठी मुरूम लांबून आणू नका. ट्रॅक्टरवाल्यांचे मिंधे होऊ नका. तलावाजवळचाच वापरा.’ हे वाक्य लिहिल्यावर मी आमच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, आणि सगळ्यांनी टाळ्या दिल्या होत्या.

रविवार, दुपार

तलाव बघणाऱ्या शाखा अभियंत्यांचा नंबर पंचफुलाबाईंकडे होता. साहेबांनी फोन उचलला हे आधी सांगते, कारण पुढे त्यांना बोलणार आहे.

“मॅडम, सांडव्यावर पोती टाकायला परवानगी कुणी दिली?”

“कुणी नाही. पण पावसाळ्याआधी तपासणी तुम्ही केली ना? पोती दिसली नाहीत? एवढी खाच दिसली नाही?”

“नोंद आहे. स्थिती समाधानकारक.”

“पाळीवर चढला होतात का?”

“गाडी वरपर्यंत जात नाही हो.”

माझ्या तोंडात जे आलं ते मी बोलले. ते छापण्यासारखं नाही. पावसाळ्याआधी एक तपासणी, पावसाळ्यानंतर एक तपासणी, दोन्ही रस्त्यावरून. कागदावर समाधान, आणि खाली वीस घरं! त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “माझ्याकडे तेवीस तलाव आहेत, मॅडम, आणि मी एकटा आहे. मंगळवारी येतो. तोपर्यंत पाणी उतरवा. पोती काढा, पण एकेक ओळ.” फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि तो चुकीचा नव्हता. परवानगी कुणी दिली?

मंगेश वावरात ताडपत्री बांधत होता. मी सगळं सांगितलं, माझं वाक्य सोडून. ऐकताना त्याचा चेहरा बंद होत गेला.

“म्हणजे पाणी सोडाचं?”

“सोडायचं.”

“गेल्या साली तुमीच सांगत होत्या, थेंब सोडनं म्हणजे चोरी. आता चोरी करा म्हणता?”

“मंगेश, पाळ गळतेय.”

“चंद्रभानमामा दर साली म्हणते, पाळ गळते. पोती टाकाच्या सभेत सगळ्याईनं हात वर केला होता, ताई. आता मी कोन्या तोंडानं सांगू?”

“सभेला वस्तीतले होते?”

तो ताडपत्रीची दोरी ओढत राहिला. “सभा देवळात होती,” म्हणाला. मग म्हणाला, उद्या सकाळी बसू.

मी उद्यावर ठेवलं. आजच काढा म्हणून मी बसून राहायला हवं होतं. पण ताई म्हणून ज्यांनी रोडगे खाऊ घातले त्यांना, ‘चुकलं, आणि चूक माझी’, हे सांगायची हिंमत होईना. पंचफुलाबाईंनाही मी सांगितलं नाही. त्या दारातल्या वाळूवर गोणपाट टाकत होत्या, पाऊस येईल म्हणून.

सोमवार

पाऊस उजाडतानाच लागला. मोठा नव्हता, पण थांबणारा नव्हता. मी चुलीपाशी चहाला बसले होते तेव्हा काका दारात आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यांनी बाटली जमिनीवर ठेवली, माझ्या कपाच्या शेजारी. दोन्हींचा रंग एकच होता.

पंचफुलाबाई उठल्या आणि पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे चुलीत पाणी ओतलं.

मी काकांबरोबर पळाले. झरा आता अंगठ्याएवढा होता, आणि जमिनीतून वर उसळत होता, पाणी उकळावं तसा. त्याच्याभोवती बारीक मातीची गोल कडी जमली होती. मुंग्यांच्या बिळाभोवती असते तशी, नीटनेटकी. ती माती पाळीच्या पोटातली होती. मी बघत होते तेवढ्यात ती कडी वाढली. मला आयुष्यात कधी एवढी भीती वाटली नव्हती. पाय पळा म्हणत होते, आणि पळायला लागले असते तर मी उतारानं खालीच गेले असते, जिकडे पाणी जाणार होतं तिकडेच.

“उभी नको राहू,” काका म्हणाले. “भोंगा लाव.”

विहाराचा भोंगा लागला, मग देवळाचा. वस्ती शाळेकडे चढू लागली. शेळ्या, पेट्या, गॅसची टाकी, एक म्हातारी खाटेसकट. पंचफुलाबाई घराघरात डोकावून नावं घेत होत्या. एक बाई कुकर घ्यायला परत वळली तर त्यांनी तिला अशी शिवी घातली की ती रडता रडता हसली.

गावातून माणसं धावत आली, आली आणि चांगल्या मनानं चुकीचं करू लागली. घमेल्यांत काळी माती. झरा बुजवायचा. काका झऱ्यासमोर हात पसरून उभे राहिले.

“बंद नाही कराचं!”

“मामा, बाजूले व्हा! फुटून राह्यलं ना!”

“इथी बंद केलं त तिथी फुटन, अन् तिथी तुले दिसनार नाही! पाणी येऊ दे. माती रोकाची हाये. वाळू आना. आंधी वाळू, वर बारीक गिट्टी, वर दगड.”

“आता वाळू कोठून आनाव, मामा?”

ही सगळी बोलाचाली पावसात, ओरडून. आणि मग पंचफुलाबाईंचा आवाज, मागून. त्या सगळ्यांत शेवटी वस्तीतून निघाल्या होत्या, डोक्यावर पेटी.

“माह्या दारात हाये.”

सरपंच म्हणाले, “वहिनी, ते घरकुलाची—”

“घर कुठी बांधाचं हाये मले? इथीच ना? न्या म्हणते ना!”

पोत्यांतून, घमेल्यांतून, एकानं तर चादरीतून ती वाळू गेली. काकांनी स्वतःच्या हातांनी पसरली, झऱ्याच्या तोंडावर, मग खाचेच्या ओल्या भिंतीपाशी. वर गिट्टी, वर पाळीचेच निखळलेले दगड.

मी सांडव्याकडे गेले. तो पाळीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याचा नाला वस्तीला वळसा घालून जातो. मंगेश आणि आठ-दहा जण पोत्यांपाशी उभे होते. मंगेशचा हात पहिल्या पोत्यावर होता, पण तो उचलत नव्हता. पलीकडे त्याचं वावर दिसत होतं, गव्हासाठी नांगरून ठेवलेलं. पाणी पोत्यांवरून पातळ सांडत होतं.

मी म्हटलं, “मंगेश, मुरूम जवळचाच घ्या हे वाक्य माझं आहे. मी लिहिलं. मला माहीत नसताना लिहिलं. तुम्हा कुणाचा दोष—”

“ताई,” तो म्हणाला, “पोतं धरा. भाषण मंग.”

मी पोतं धरलं. पाणी पिऊन ते दगड झालं होतं. दोघांनी ओढलं तेव्हा निघालं. एकेक ओळ, साहेबांनी सांगितलं तसं. एकदम काढलं असतं तर नाल्यावरची मोरी गेली असती. पहिली ओळ निघाली तसा सांडव्याचा आवाज बदलला. दुसरी निघाली तेव्हा बोलणं ऐकू येईना. माझी नखं फाटली होती हे मला संध्याकाळी कळलं. मध्येच कुणीतरी म्हणालं, “घ्या, चालली चोरी,” आणि दोघं-तिघं हसले. मंगेश हसला नाही. मग थोड्या वेळानं तोही हसला.

दुपारी पाऊस ओसरला. काकांनी काठावर एक काठी रोवली होती. पाणी बोटा-बोटानं तिच्यावरून उतरत होतं. आम्ही सगळे ती काठी बघत बसलो. कुणी जेवलं नाही. काका झऱ्यापाशी उकिडवे बसून होते, थोड्या थोड्या वेळानं बाटली भरायचे, उजेडाकडे धरायचे आणि ओतून द्यायचे. पाळीखाली ते एकटेच होते. मंगेश दोनदा खाली जाऊन म्हणाला, “मामा, आता वर चला.” दोन्ही वेळा त्यांनी ऐकलं नाही.

सूर्य ढगाखालून थोडा दिसला तेव्हा त्यांनी एक बाटली ओतली नाही. बूच लावून वर आणली. फिकी होती. स्वच्छ नव्हती, फिकी.

“आज वरच ऱ्हा, शाळेत,” एवढंच ते म्हणाले.

मंगळवार

साहेब आले, मोटरसायकलवर, रेनकोटमध्ये. चढायला लागले तशी काकांनी त्यांना हाक मारली. “साहेब, बूट काढा.” साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. सगळं गाव उभं होतं. त्यांनी बूट काढले, मोजे आत खुपसले, आणि त्या माणसाच्या मागे पाळीच्या बुडाशी उतरले. एका जागी ते थबकले आणि त्यांनी पाय उचलला. बरोबर त्याच जागी मीही उचलला होता.

त्यांनी खिडकीतल्या सगळ्या बाटल्यांचे फोटो काढले. वाळूचा थर चांगला घातलाय म्हणाले. खाच नीट भरून ठोकावी लागेल, पाळीचा पायथा पुन्हा बांधावा लागेल, तोवर पाणी सांडव्याच्याही खाली ठेवायचं. कागद वर पाठवतो. पंचफुलाबाईंनी विचारलं, “अन् मामंजीच्या जागी कोन येईन?” साहेबांनी मान खाली घालून बुटांच्या नाड्या बांधल्या.

मी निघाले तेव्हा काकांनी सोमवार सकाळची बाटली माझ्या हातात दिली. मंगेशनं मला मालेगावला सोडलं. स्टँडवर म्हणाला, “यंदा गव्हाले एकच पाणी भेटन.” मग म्हणाला, “एकात येईन हरभरा.” आणि खिशातलं न चालणारं पेन काढून त्यानं मला दिलं. “ताई, पुढचं पत्रक यानं लिहा.”

घरी आल्यावर पहिलं काम वाळू भरून देण्याचं केलं. ती पंचफुलाबाईंच्या दारात पोचली आहे. दर रविवारी त्या मला बाटलीचा फोटो पाठवतात. गेल्या दोन्हींत तळाशी दोऱ्याएवढी रेघ आहे. पाळीची दुरुस्ती अजून सुरू झालेली नाही.

आता हा प्रवास मी कशासाठी लिहिला ते सांगते. पिवळ्या पत्रकाचे एकवीस गठ्ठे आम्ही वाटले होते. कोणता गठ्ठा कुठल्या गावाला गेला याची यादी कुणीही केली नव्हती. वाटल्याचा आनंद एवढा होता. परत आल्यापासून फोन करतेय. सतरा गावं सापडली. त्यांपैकी नऊ ठिकाणी पोती आहेत, आणि नऊ ठिकाणच्या लोकांना मी विचारलं की मुरूम कुठून आणला. पाच जण म्हणाले, जवळूनच.

चार गठ्ठे कुठं गेले ते मला अजून माहीत नाही.

तुमच्या देवळात, विहारात, पंचायतीत, दुकानात पिवळा कागद टांगलेला असेल तर तो काढा. पोती एकेक ओळ उतरवा. आणि हे वाचून झाल्यावर, उजेड आहे तोवर, चपला काढून पाळीच्या बुडाशी जा. सावकाश चाला. पायाला थंड लागलं तर बाटली भरा आणि उन्हात धरा.

माझी बाटली समोरच्या खिडकीत आहे. माती बसलीय खाली, बोटभर.

मला फोन करा.